रतीबाची वही फोनवर नेताना: सिंहगड रस्त्यावरच्या एका ॲपचं प्रकरण

२५ जुलै २०२४ ला पहाटे मुठा नदीचं पाणी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत शिरलं. रात्रभर पाऊस होता आणि खडकवासला धरणातून विसर्ग वाढवलेला होता. त्या भागातल्या एका दूध विक्रेत्या काकांच्या गाळ्यात कमरेएवढं पाणी चढलं. क्रेट वाहून गेले, फ्रीज गेला, आणि भिंतीला खिळ्यावर टांगलेली रतीबाची वहीही गेली. फ्रीज दुसरा आणता आला. वहीत मात्र साडेसहाशे घरांचे जुलैचे खाडे होते. त्या महिन्याचं बिल काकांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला फोन करून, त्यांच्या कॅलेंडरवरच्या खुणा विचारून केलं. ‘लोकांनी खरंच सांगितलं हो, पण चाळीस वर्षांत पहिल्यांदा हिशेब मी त्यांना विचारला,’ असं ते आम्हाला म्हणाले तेव्हा गणपती नुकतेच झाले होते आणि त्यांना ॲप हवं होतं.

आम्ही कर्वेनगरात छोटं काम करणारी चौघं. मोठ्या कंपन्यांसाठी तुकड्या-तुकड्यानं कोड लिहून देणं हा मुख्य उद्योग. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आमचंच असं हे पहिलं ॲप. ते करताना जे कळलं ते सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण पुण्यात आमच्यासारख्या छोट्या चमू पुष्कळ आहेत आणि आम्ही घालवलेले महिने दुसऱ्यांनी घालवू नयेत असं मनापासून वाटतं.

मागणी सरळ होती. नऊ मुलं नऊ लाईन टाकतात: माणिकबाग, आनंदनगर, हिंगणे, वडगाव, थेट धायरीपर्यंत. प्रत्येक घराचं माप ठरलेलं, कुणाचं अर्धा लिटर गाईचं, कुणाचं एक म्हशीचं आणि शनिवारी दोन. घरानं ‘उद्या नको’ सांगितलं की तो खाडा. महिनाअखेरीस खाडे वजा करून बिल. काकांना हे सगळं फोनवर हवं होतं, आणि शिवाय कुठलं पोरगं आत्ता कुठं आहे हे नकाशावर दिसायला हवं होतं. गिऱ्हाइकांसाठी वेगळं ॲप हवं होतं, म्हणजे खाडा तेच टाकतील. आम्ही हे सगळं कागदावर उतरवलं, अंदाजपत्रक दिलं आणि कामाला लागलो. वहीचा नमुना मागितला होता, पण तो पाहण्यापुरताच. तिथेच पहिली चूक झाली, आणि ती उमजायला सहा महिने गेले.

ॲप उभं करणं हा यातला सोपा भाग ठरला. पाच-सात वर्षांपूर्वी असं नव्हतं. फ्लटर या ॲप बनवण्याच्या साधनात एकदा लिहिलेलं अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे चालतं, आणि आता कोड लिहून देणारी एआयची साधनं हाताशी आहेत. याद्या, बिलाचं पान, लॉगिन या स्क्रीन माझ्या सहकाऱ्यानं त्यांच्या मदतीनं दोन दिवसांत उभ्या केल्या. साधनानं चाचण्याही लिहून दिल्या आणि त्या सगळ्या हिरव्या, म्हणजे पास, झाल्या. आयफोनचा विचार आम्ही लवकरच सोडला. नऊपैकी एकाही मुलाकडे आयफोन नव्हता, आणि ॲपलच्या विकासक खात्याचे वर्षाला ९९ डॉलर काकांच्या माथी मारायला कारण नव्हतं. गूगलकडे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात.

खातं आम्ही वैयक्तिक प्रकारचं काढलं, आणि त्यामुळे एका नियमात आलो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त चाचणी घ्यावी लागते. आधी त्यासाठी २० परीक्षक लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ती संख्या १२ झाली. हे १२ जण सलग १४ दिवस चाचणीत असावे लागतात. अनेक जण ही अट ओळखीपाळखीतले फोन गोळा करून उरकतात. आम्ही नऊ मुलं, काकांच्या सूनबाई आणि आमच्यातले दोघं असे बारा केले. मार्चचा पहिला आठवडा होता. पाडवा ३० मार्चला येत होता आणि काकांना मुहूर्त त्याचाच हवा होता.

पाचव्या दिवशी सूनबाईंचा फोन आला. तीन लाईनची नोंद त्यांच्याकडे येतच नव्हती. मुलं म्हणत होती, आम्ही रोज टाकतोय. त्यांच्या फोनवर नोंदी दिसतही होत्या. सर्व्हरवर मात्र काही नव्हतं.

त्या तिघांच्या फोनमध्ये एकच गोष्ट सारखी सापडली: फोनची भाषा मराठी होती. आमचं ॲप फोनच्या भाषेप्रमाणे तारीख लिहीत होतं, आणि मराठी निवडली की तारखेतले आकडेही देवनागरी होतात. जगभरच्या भाषांची माहिती ज्या भांडारातून सगळे फोन घेतात, त्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरीच दिलेले आहेत. हिंदीचे मूळ आकडे तिथे इंग्रजी आहेत, म्हणून हिंदीत ठेवलेल्या फोनवर हे झालं नसतं. पडद्यावर तारीख सुरेख दिसत होती. तीच तारीख सर्व्हरकडे गेली की त्याला ती तारीख म्हणून ओळखताच येत नव्हती, तो नोंद परत पाठवत होता, आणि ॲप ती पुन्हा पाठवण्यासाठी रांगेत ठेवत होतं. मापाच्या चौकटीतही तेच: मराठी कळफलकावरून ‘२’ लिहिलं की फ्लटरच्या भाषेतलं संख्या वाचणारं फंक्शन ते नाकारतं, त्याला इंग्रजी आकडेच हवे असतात.

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. साठवायची तारीख आणि दाखवायची तारीख वेगळी करायची, आत येणारा प्रत्येक आकडा आधी एका साच्यात आणायचा. पण मला ही गोष्ट फार लागली. आम्ही चौघंही घरी मराठी बोलणारे. तरी आमचे सगळ्यांचे फोन इंग्रजीत होते. एआयनं लिहिलेल्या चाचण्यांमधल्या तारखाही इंग्रजीत होत्या, आणि आम्ही त्या वाचून मान डोलावली होती. मराठी ॲप करायला निघालेल्या लोकांनी मराठीत ठेवलेल्या एकाही फोनवर ते चालवून पाहिलं नव्हतं.

मग त्याच ओघात शोधाची तक्रार निघाली. सूनबाई ‘कुऱ्हाडे’ शोधत होत्या आणि यादीत असलेलं नाव सापडत नव्हतं. हा ‘ऱ्ह’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घालून त्याचा पाय मोडतो. दुसरा साधा ‘र’, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोड, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, तिच्या ठरलेल्या शुद्धीकरणातून हे दोन एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःच नियम लिहावा लागतो. ‘ॲ’चं असंच आहे. हे अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं, पण ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिण्याची जुनी सवय अजून चालूच आहे, त्यामुळे ‘ॲप’ हाच शब्द दोन प्रकारे साठवला जातो. मराठीत शोधाची सोय देणाऱ्या प्रत्येकानं हे दोन नियम पहिल्या दिवशी लिहावेत असं मी आग्रहानं सांगेन.

आता नकाशा. काकांना पोरं नकाशावर हवी होती. त्यासाठी ॲप मागे पडलेलं असताना, फोन खिशात असतानाही ठिकाण घेत राहावं लागतं. अँड्रॉइड ६, म्हणजे २०१५ पासून, फोन न हलता पडून असला की तो मागची कामं झोपवतो. त्यावर स्वस्त फोनांच्या कंपन्यांनी बॅटरी वाचवण्याचे स्वतःचे कडक उपाय चढवले आहेत. काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण मुद्दाम चालू करावं लागतं, आणि ते प्रत्येक कंपनीनं वेगळ्या जागी ठेवलेलं असतं. नऊ मुलांचे सहा तऱ्हेचे फोन होते. आम्ही सहाही फोनांसाठी चित्रांसह सूचना तयार केल्या. तरी वडगावच्या लाईनवरचा ठिपका रोज एकाच चौकात थिजून बसायचा, आणि ज्या फोनांवर सगळं नीट चालायचं त्यांची बॅटरी सातपर्यंत निम्मी व्हायची.

परवानगीची बाजूही होतीच. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून ‘ॲप बंद असतानाही ठिकाण’ ही वेगळी परवानगी झाली, अँड्रॉइड ११ पासून ती द्यायला माणसाला स्वतः सेटिंगमध्ये जावं लागतं. शिवाय प्ले स्टोअरला हे ठिकाण का हवं ते लेखी सांगावं लागतं आणि ॲपमध्ये ते कसं वापरलं जातं याचा छोटा व्हिडिओ जोडावा लागतो. तो अर्ज भरायला मी बसले. प्रश्न साधा होता: याशिवाय ॲपचं मुख्य काम होणार नाही का? मी दोनदा उत्तर लिहिलं आणि दोनदा खोडलं. होणार होतं. दूध घरी पोचलं की नाही हे ठिपक्यावरून कळतच नव्हतं. अर्ज तसाच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला काकांच्या गाळ्यावर गेले.

ती पहाट मला तपशीलवार आठवते. टेम्पो आला, क्रेट उतरले, पिशव्या मोजल्या गेल्या. आनंदनगरची लाईन टाकणारा मुलगा वीस-एकवीसचा, मूळचा नांदेडकडचा, दुपारी कॉलेज करणारा. गाडीवर पुढे एक क्रेट, हँडलला दोन पिशव्या. निघण्याआधी त्यानं ॲप उघडून यादी एकदा वरून खाली वाचली आणि फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खिशात टाकला. ‘प्रत्येक घरी टिक करत नाहीस?’ मी विचारलं. ‘मॅडम, हात ओले असतात. स्क्रीन ऐकत नाही.’ खरंच होतं. पिशव्यांवरचं गार पाणी बोटांवर सतत असतं. शिवाय बेसमेंटमध्ये आणि लिफ्टमध्ये रेंज नसते, एका इमारतीत तो चार मजले पळतच चढला कारण लिफ्टची वाट बघायला वेळ नव्हता. अडुसष्ट घरं त्यानं तोंडपाठ टाकली. कुठल्या दाराला पिशवी अडकवायची, कुठल्या आजी दार उघडून पातेलं पुढे करतात, कुठे कुत्रा बांधलेला असतो, सगळं डोक्यात. पावणेसातला शेवटचं घर झालं, तो एका सोसायटीच्या कट्ट्यावर बसला, हात पँटला पुसले आणि अडुसष्ट टिका सलग मारल्या. दोन मिनिटांत.

आमच्या सर्व्हरवर त्या अडुसष्ट नोंदी खऱ्या दिसत होत्या. आम्ही त्यातून ‘दूध पोचल्याची वेळ’ काढून गिऱ्हाइकांना दाखवणार होतो.

गाळ्यावर परत आल्यावर मी सूनबाईंकडे जुन्या वह्या मागितल्या. पुरातून माळ्यावरच्या वाचल्या होत्या. या वेळी त्या नीट बघितल्या. प्रत्येक घराला एक आडवी ओळ, प्रत्येक तारखेला एक चौकोन. आणि जवळजवळ सगळे चौकोन कोरे. ज्या दिवशी दूध दिलं त्या दिवशी काहीही लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं ते फक्त वेगळं घडलेलं: खाड्याची फुली, जास्तीच्या अर्ध्या लिटरचा आकडा. चाळीस वर्षांत काकांनी, त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांनी, ओल्या हातांनी कमीत कमी लिहून हिशेब चोख ठेवायची ही रीत बसवली होती. रतीब या शब्दातच ते आहे: रोजचं ठरलेलं, न विचारता येणारं. आम्ही त्या रीतीच्या उलट गेलो होतो. जे रोज होतंच ते रोज नोंदवायला सांगत होतो.

पुढच्या सहा दिवसांत आम्ही ॲप अर्ध्यावर आणलं. टिक गेली. यादी उघडली की सगळी घरं दिलेलीच धरायची. एकच मोठं बटण, ‘खाडा’, आणि त्याशेजारी ‘कमी-जास्त’. रात्री आठला दुसऱ्या दिवसाची यादी फोनवर उतरते, मग पहाटे रेंज असो नसो. नोंद फोनमध्ये राहते आणि नेट मिळालं की आपोआप जाते. नकाशा काढून टाकला, त्याबरोबर ठिकाणाची परवानगी, मागे चालणारी सेवा, ऑटोस्टार्टच्या सूचना, तो अर्ज आणि व्हिडिओ, सगळंच गेलं. काकांना हे सांगायला मी थोडी घाबरत गेले होते. त्यांनी विचारलं, ‘दूध नाही पोचलं तर कळेल कसं?’ सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, सव्वासातला त्यांचा फोन येतो की.’ विषय तिथे मिटला.

पाडव्याला ॲप सुरू झालं. एप्रिलचं बिल पहिल्यांदा त्यावर निघालं.

गिऱ्हाइकांचं ॲप मात्र चाललं नाही, आणि त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोकांना दुधासाठी आणखी एक ॲप नको होतं. ज्येष्ठ मंडळी फोन करतात, बाकीचे व्हॉट्सॲपवर ‘उद्या नको’ लिहितात, आणि सूनबाई ते एका टिचकीत खाड्यात टाकतात. आम्ही प्रत्येक घराला एक साधं वेबपान दिलं, त्यावर महिन्याचं कॅलेंडर आणि बिल दिसतं. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत १ जुलै २०२५ पासून दर संदेशामागे आकारणी सुरू झाली, म्हणून स्वयंचलित संदेश महिन्याला एकच ठेवला, बिलाचा.

मे महिन्यात ज्याचा आम्ही विचारच केला नव्हता ते पुढे आलं. सुट्ट्यांमुळे खाडे वाढले होते, आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवसांचे. हिंगण्याच्या लाईनवरच्या मुलानं काम सोडलं. तो गेला, पण त्याच्या फोनवर ॲप होतं आणि यादीही होती. सूनबाईंनी सहज विचारलं, ‘त्याला अजून दिसतं का हो सगळं?’ दिसत होतं. पंधरा दिवसांचा खाडा म्हणजे पंधरा दिवस बंद असलेलं घर, पत्त्यासकट आणि मजल्यासकट. मुलगा भला होता, प्रश्न त्याचा नव्हता. फोन हरवू शकतो, विकला जाऊ शकतो. वहीच्या काळात ही माहिती एका खिळ्यावर टांगलेली होती. आम्ही ती नऊ खिशांत वाटली होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

आता मुलाला फक्त त्याच्या लाईनची, फक्त त्या दिवसाची यादी दिसते. खाडा उद्या संपणार की महिन्यानं, हे त्याला कळत नाही, त्याला ते कळायची गरजही नाही. दुपारी बाराला यादी फोनवरून पुसली जाते, नेट नसलं तरी. फोनवरची माहिती कुलूपबंद साठवली जाते. विदा संरक्षणाचा कायदा, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट, २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिलेले आहेत. आठव्या अनुसूचीतल्या भाषांपैकी कुठल्याही भाषेत सूचना वाचण्याचा पर्याय माणसाला असला पाहिजे असं कायद्यात आहे. आमची सूचना मुळातच मराठीत लिहिली आहे, आठ वाक्यांची, आणि ‘तुमचं घर कधी बंद आहे हे आम्ही कुणाला दाखवत नाही’ हे त्यातलं पहिलं वाक्य आहे.

पावसाळा संपत आला तशा स्टोअरच्या तारखा जवळ आल्या. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्रत्येक नवं ॲप आणि प्रत्येक अपडेट अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेलं असणं सक्तीचं झालं. त्या दिवशी गौरी आवाहन होतं. गणपती-गौरींच्या दहा दिवसांत दुधाची मागणी इतकी वाढते की काकांच्या घरातलं प्रत्येक माणूस गाळ्यावर असतं, त्या दिवसांत ॲपला हात लावणं शक्य नव्हतं. मुदतवाढ मागता येते, पण आम्ही २० ऑगस्टलाच अपडेट सोडलं. दुसऱ्या पहाटे साडेचारला दोन फोन आले. अँड्रॉइड १५ ला धरून बनवलेलं ॲप त्या आवृत्तीच्या फोनवर कडेपासून कडेपर्यंत पसरतं, खालच्या नेव्हिगेशनच्या पट्टीच्याही मागे जातं. आमचं ‘खाडा’ बटण अगदी तळाशी होतं. नवे फोन असलेल्या दोन मुलांनी ते दाबलं की ॲपच मिटत होतं, कारण बोट फोनच्या होम बटणावर पडत होतं. पट्टीची उंची सोडून बटण वर घेतलं, सकाळी नऊपर्यंत दुरुस्ती पाठवली. नवे फोन आमच्याकडे चाचणीला नव्हते. आता एक आहे.

२२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर आले. ताज्या दुधावर कर नव्हताच, पण पॅकबंद पनीरवरचा ५ टक्के शून्य झाला आणि तुपावरचा १२ चा ५ झाला. काका दुधाबरोबर दोन्ही देतात. सूनबाईंनी नवी किंमत भरली आणि पूर्ण सप्टेंबरची बिलं बदलली, १ तारखेपासूनची. आम्ही प्रत्येक वस्तूला एकच भाव ठेवला होता. वहीत भाव बदलला की त्या तारखेला आडवी रेघ मारलेली असते, खाली नवा भाव. ती रेघही आम्ही पाहिली होती, तिचा अर्थ विचारला नव्हता. आता प्रत्येक भावाला ‘या तारखेपासून’ जोडलेलं आहे. ते वेळेत झालं म्हणून ६ ऑक्टोबरची कोजागिरी, वर्षातला सर्वांत मोठा दिवस, सुरळीत गेली.

शेवटची तारीख १ नोव्हेंबरची होती. अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांना धरून बनवलेल्या अपडेटना १६ केबी आकाराच्या मेमरी पानांवर, म्हणजे फोन ज्या तुकड्यांत मेमरी वाटतो त्यांवर, चालणं आवश्यक झालं. आधी हा आकार ४ केबी होता. आमच्या स्वतःच्या कोडला काही करावं लागलं नाही. अडलं ते माहिती कुलूपबंद करणाऱ्या डेटाबेसच्या पॅकेजपाशी, म्हणजे तयार कोडपाशी. ते दुसऱ्या कुणीतरी लिहून मोकळं ठेवलेलं, आणि कित्येक महिन्यांत कुणी हात न लावलेलं. आम्ही दिवाळीच्या आठवड्यात ते बदलून दुसरं घातलं, जुनी माहिती नव्यात हलवली. गिऱ्हाईक, मुलं, काका, कुणालाही यातलं काही दिसलं नाही. सात दिवसांचं काम होतं.

याच कामाचं बिल पाहून काकांनी विचारलं होतं, ‘ॲप तर पाडव्यालाच झालं. मग हे पैसे कशाचे?’ आमच्या धंद्यातला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि सुरुवातीच्या अंदाजपत्रकात आम्ही त्याचं उत्तर दिलं नव्हतं. मी त्यांना वर्षभराच्या तारखा एका कागदावर लिहून दाखवल्या: हा नियम या दिवशी, तो त्या दिवशी, आणि नकाशा ठेवला असता तर त्याचे आणखी एवढे. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, ‘म्हणजे क्रेट धुवायचेच.’ गाळ्याच्या मागे त्या वेळी एक मुलगा नळाखाली क्रेट धूत होता, रोज दुपारी धुतात तसे. वार्षिक देखभालीची रक्कम आम्ही तिथेच ठरवली आणि २०२६ च्या करारात ती पहिल्या ओळीत घातली. नव्या कुठल्याही सोयीसाठी आता आम्ही दोन आकडे देतो, बनवण्याचा आणि दरवर्षी सांभाळण्याचा. दुसरा आकडा ऐकून काकांनी आत्तापर्यंत दोन सोयी सोडून दिल्या आहेत आणि एक घेतली आहे: जिन्यातल्या अंधारात वाचता यावं म्हणून अक्षर मोठं करण्याची.

सूनबाई दर महिन्याच्या १ तारखेला खाड्यांचं पान छापून काढतात, वहीत चिकटवतात आणि वही माळ्यावर ठेवतात. छापील पान वहीसारखंच दिसावं, आडव्या ओळी, कोरे चौकोन, फुल्या, असं त्यांनी सांगितलं होतं. तसं केलं आहे.